चार दारं, दोन माणसं

लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून गुरुद्वाऱ्याचे किस्से माझ्याकडेच जमत गेलेत. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोकांना वाटत असावं, हिच्यात अजून जागा आहे.

गुरुद्वारा आमच्या घराला लागूनच. जांभ्या चिऱ्याची एक खोली, वर घुमट. इमारती लाकडाचा धंदा करणाऱ्या एका सरदारजींनी तो माझ्या आजेसासऱ्यांकडून बांधून घेतला. आजेसासरे नावाजलेले गवंडी, पण आयुष्यभर देवळंच बांधलेली. त्यांनी पूर्वेला एकच दार ठेवलं आणि सवयीने जमिनीत दगडी कासवही बसवलं! सरदारजी बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "ये कौन है?"

"ह्यो लागतोच," आजेसासरे म्हणाले.

कासव राहिलं.

* * *

पुढे मुंबईहून पाहुणे आले आणि एक दार बघून नाराज झाले. गुरुद्वाऱ्याला चारी दिशांना दारं हवीत, कुणीही कुठूनही यावं. माझे सासरे, आप्पा, बापाचाच धंदा चालवत होते. त्यांनी एका उन्हाळ्यात उरलेल्या तीन भिंती फोडून दारं काढली.

तोवर सरदारजींचं कुटुंब धंदा गुंडाळून निघून गेलेलं. मागे राहिले पाठ करणारे ज्ञानीजी, एकटेच. आप्पा रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. नव्या दारांतून वारा आरपार.

"दारं चार, माणसं दोन," ज्ञानीजी म्हणाले. "रेटारेटी नाय होणार, आप्पा."

* * *

घुमट गळायला लागला तसं त्यावर पत्र्याचं छप्पर घातलं. कोकणात दुसरं काय करणार? रस्त्यावरून ते गोदामच वाटायचं. एकदा एक ट्रकवाला सिमेंट उतरवायला आला. ज्ञानीजींनी त्याला आधी जेवायला घातलं, मग खरा पत्ता सांगितला. जाताना तो म्हणाला, गोदामवाले इतके बरे असतात हे ठाऊक नव्हतं.

* * *

यंदा घुमटाला तडा गेला, आत हात जाईल एवढा. इंजिनिअर आले, भिंती ठोकून बघितल्या. वजन पेलणाऱ्या भिंतीच कापल्यात, पावसाळ्याआधी गुरुद्वारा उतरवा, म्हणाले. मग विचारलं, ही दारं कुणी काढली?

"मी," आप्पा म्हणाले.

"आम्ही सांगितली म्हणून," ज्ञानीजी म्हणाले.

त्या संध्याकाळी आप्पा तिकडे गेले नाहीत. ज्ञानीजीच आमच्या पडवीत येऊन बसले. मी चहा ठेवला, निवल्यावर उचलला.

* * *

आता ग्रंथसाहिब ठेवायचा कुठे? वरून कुणाचे पाय पडणार नाहीत अशी वरच्या मजल्यावरची खोली हवी. जवळपास तशी एकच होती, आमची. नव्या जोडप्याची! सासूबाईंनी मला विचारलं, "माजघरात झोपशील ना गो?" नवऱ्याला कुणी विचारलंच नाही.

ज्ञानीजींनी ग्रंथ डोक्यावर घेतला आणि अनवाणी निघाले. पुढे पाणी शिंपडत माझा नवरा. संध्याकाळचा पाठ झाला की रुमाल पांघरून ग्रंथाला विश्रांती देतात, हे सासूबाईंनी पाहिलं. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं झालं. घरात कुणीतरी वेळेवर झोपतंय."

* * *

मग उतरवायचा दिवस आला. बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, हे आप्पांनीच ठरवलेलं. गडी त्यांचे, पहारीही त्यांच्याच.

ज्ञानीजींनी सकाळीच डाळ चढवली होती. म्हणाले, "इथून उपाशी कोण गेला नाय. आधी जेवा, मग पाडा."

गडी अंगणात पंगतीला बसले. आप्पाही बसले. जेवणं झाल्यावर ते नळापाशी उकिडवे बसून सगळ्यांच्या थाळ्या घासायला लागले. तिथे ती सेवा मानतात, म्हणून कुणी अडवलं नाही. गडी पहारी घेऊन उभे राहिले. ऊन चढलं. थाळ्या संपल्या.

"आप्पा, चला," एकाने हळू आवाजात म्हटलं.

आप्पांनी घासून ठेवलेल्यातलीच एक थाळी परत पुढ्यात ओढली.

ज्ञानीजी स्वयंपाकाच्या खोपीत गेले. फळीवर उरलेल्या, जेवायला न काढलेल्या कोरड्या थाळ्या घेऊन आले आणि त्यांनी त्या आप्पांच्या पुढ्यात ठेवल्या.