निळ्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत 'वाचनालय कशासाठी?' या प्रश्नावर मी चार पानं खरडली होती. मार्कही भरपूर पडले. पुंडलिकनगरच्या आमच्या वाचनालयात पंधरा वर्षं काढल्यावर तोच प्रश्न पुन्हा समोर आला आणि मला एक ओळ सुचेना.

झालं असं, की स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना खुर्च्या कमी पडायला लागल्या. कार्यकारिणी म्हणाली, कुणी वाचत नाही ती पुस्तकं काढा. मी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली, ते घरी नेल्याच्या तारखांची चिठ्ठी बघत गेले. तत्त्वज्ञानाच्या कपाटात सगळ्या कोऱ्या करकरीत! अख्खं कपाट नोंदवहीतून कमी केलं, गठ्ठे बांधले, रद्दीचा टेम्पो बोलावला. आपण कामाला किती वाघ, असं वाटून मी खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या अपार्टमेंटचे वॉचमनकाका रिकाम्या जागेत मांडलेल्या नव्या खुर्च्यांपुढे उभे. पाचोडकडचे, मेंढरं भावाकडे सोडून इथं आलेले. ते रोज पेपर वाचायला येतात, अशी माझी समजूत.

"मॅडम, इथलं निळं पुस्तक कुठं गेलं? मरण म्हंजी काय, त्याच्यावर होतं. निम्मंच झालंय माझं."

"पण तुम्ही ते कधी नेलंच नाही!"

"नेतो कशाला? इथंच वाचतो अन् जागच्या जागी ठिवतो. तुम्हाला तरास नको."

टेबलावर तशीच सोडलेली पुस्तकं आम्ही इथं बसून वाचलेली म्हणून मोजतो. त्यांच्या नीटनेटकेपणानं माझा घात केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक गठ्ठा टेम्पोत मावला नव्हता म्हणून दारामागं राहिला होता. सुतळी सोडली, निळं पुस्तक सापडलं.

"घरीच घेऊन जा काका. नोंदवहीत ते आता नाहीच."

"घरी? एका खोलीत सहा माणसं. इथंच राहू द्या की."

तेव्हापासून ते माझ्या टेबलाच्या खणात. रोज दुपारी मी काढून द्यायची, ते वाचून परत द्यायचे. हे पुस्तक वाचनालयात आहे की नाही? मी करते ती नोकरी की लपवाछपवी? खरंच कळत नाही.

काल त्यांचं पुस्तक संपलं. पुठ्ठा हातानं पुसून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"लई चांगलं होतं. आता ह्याच्या शेजारचं द्या. लाल, जाड हाय बघा."

ते टेम्पोत गेलं होतं. मी उगाच खण उघडला, बंद केला.

"बघते," मी म्हणाले.

"व्हय, बघा सावकाश," म्हणत ते कपाटाच्या जागी आलेल्या खुर्चीत बसले आणि वाट बघू लागले.