पडवीतला नॉस्टॅल्जिया

विंझरच्या आमच्या घराची मागची पडवी सामाईक. अर्धी आमची, अर्धी पुण्यात राहणाऱ्या थोरल्या चुलतभावाची. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आईचे गुडघे गेल्यापासून त्या पडवीत कमोड बसवायचा धोशा मी लावला होता. संडास परसाच्या टोकाला, वाट निसरडी. लेकाचा दंड धरून जाताना ती लाजून अर्धी व्हायची. मला ते बघवत नसे.

पण दादा तयार होईनात. "पडवीला हात लावायचा नाही. माझं बालपण आहे तिथं." हे बालपण वर्षातून एकदा, जत्रेला, मोटारीतून येतं आणि मटण खाऊन संध्याकाळी परत जातं.

यंदाच्या जत्रेला जेवता जेवता त्यांनी आम्हाला नॉस्टॅल्जिया समजावला. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई घराच्या ओढीनं आजारी पडत. त्या दुखण्याला एका डॉक्टरनं दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं. एकाचा अर्थ घरी परतणं, दुसऱ्याचा वेदना. "मलाही तेच झालंय, काकी," असं म्हणून त्यांनी आणखी रस्सा मागितला.

"लई दुखतं का रं?" आईनं गुडघा चोळत विचारलं.

दादांनी डोळे मिटून छातीवर हात ठेवला.

मग त्यांना पडवीत उभं राहून घरी परतल्याचा व्हिडिओ काढायचा होता. आई म्हणाली, "रिकाम्या हातानं कशाला? हितंच नारळ फोड की बाळा. थोरल्या घरचा तू." कल्पना त्यांना फारच आवडली. मोबाईल माझ्याकडे देऊन, भरल्या डोळ्यांनी त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला.

आता, आमच्याकडे सामाईक जागेत थोरल्या घरच्यानं नारळ फोडला की त्याची संमती झाली, काम सुरू. पंगतीतला गवंडी हात धुऊन उठला. "दादांनी मुहूर्त केला!" म्हणत त्यानं पहार आणली, आईनं तिला हळदकुंकू लावलं. एवढ्या पाहुण्यांदेखत, जत्रेच्या दिवशी फोडलेला नारळ माघारी कोण घेणार? व्हिडिओत दादांचा चेहरा स्पष्ट दिसतो. त्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात, मला माहीत नाही.

पावसाआधी काम झालं. पहिल्या दिवशी आईला पडवीत सोडलं आणि सवयीनं दाराबाहेर थांबलो. आतून कडी लागली.

"कशापाय उभा हायस? जा की तिकडं!" आई ओरडली.

तिचा तो जुना तोरा ऐकून माझा जीव भांड्यात पडला.