बेन्नोची बहीण

जून उजाडला आणि हॉलंडमधल्या हेगच्या स्टेशनासमोरच्या माळावर पांढरे तंबू उभे राहिले की एव्हेर्टच्या अंगात वारं शिरायचं. एरवी गुडघे धरून बसणारा हा पासष्टीचा माणूस बाटिकचा शर्ट स्वतः इस्त्री करायचा, केसांना तेल लावायचा आणि गिटारची पेटी पुसून दाराशी ठेवायचा. त्याची बायको मीन आठवडाभर आधीपासून भट्टीपुढे असायची. थरांचा केक करायचा म्हणजे एक थर ओतायचा, भाजायचा, मग दुसरा. घाई केली की सगळा केक बसतो. पासारमध्ये तिच्या केकला मान होता. या सणाला सगळे नुसतं पासार म्हणत, म्हणजे बाजार. ज्यांच्या घराण्यात कुठेतरी एक डच आजोबा आणि एक जावाची आजी होती, असे सगळे देशभरातून तिथे जमायचे, साते म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस खायचे, एकमेकांच्या तोंडावळ्यात जुनी गल्ली शोधायचे आणि रडायचे.

एव्हेर्टचा रोज दुपारी छोट्या रंगमंचावर तासभर कार्यक्रम असे. तो वाजवायचा कमी आणि बोलायचा जास्त. बोलणं मात्र लोकांना आवडायचं. "इथं कुणी परका नाही," तो म्हणायचा. "गोरा असो की काळा, आपण एका घरातली माणसं." मग म्हाताऱ्या बायका रुमाल काढायच्या. मीन पहिल्या रांगेत बसायची. बोलणं तिला तोंडपाठ होतं.

मीन मूळची जावातल्या सुराबाया शहरातली, माहेरची फ्लोर. आईबाप युद्धात गेले. जपान्यांच्या कैदी छावणीतून बाहेर पडली तेव्हा तिला उरला तो एक थोरला भाऊ, बेन्नो. बेन्नो सावळा, आजीवर गेलेला. मीन उजळ, आजोबांवर. लहानपणी लोक दोघांना एकत्र बघून हसायचे, आणि बेन्नो म्हणायचा, "मला उन्हात ठेवलं होतं, हिला कपाटात." रेल्वेच्या कारखान्यात तो फिटर होता. शेजारच्या मदुरा बेटावरची मुलगी करून बसला होता. डचांचं राज्य जाऊन तिथल्या लोकांचं नवं सरकार आलं, कुठलं नागरिकत्व घेता ते ठरवा म्हणालं. बेन्नोने तिथलं घेतलं. त्याला वाटलं, इथे जन्मलो, इथे राहू. मीनचं लग्न एव्हेर्टशी झालं होतं. एव्हेर्ट जहाजाचं तिकीट काढून मोकळा झाला.

हेगला आल्यावर त्यांना सरकारने एका बोर्डिंगात ठेवलं. घरमालकीण भात शिजवू द्यायची नाही, वास येतो म्हणायची. पुढे दोन खोल्यांची जागा मिळाली. एव्हेर्ट पोस्टात लागला. घरात तिकडच्या मलाय भाषेतला एक शब्द उच्चारायचा नाही, असा त्याने नियमच केला. मुलींना उन्हात खेळू देत नसे. मीनला ते चुकीचं वाटलं नाही. सगळेच तसं करत होते.

मग तिकडचे दिवस फिरले. डच आडनावाच्या माणसांना कामावरून काढायला लागले, त्यात बेन्नोही गेला. त्याने कळवलं की आम्हालाही तिकडे यायचंय, अर्ज केलाय. मीनने मनातल्या मनात खोल्यांची मांडणीही केली. मुलं इथे, बेन्नो आणि बायको तिथे, पडदा लावला की झालं. त्याच सुमारास धाकटीच्या वेळचं तिचं बाळंतपण अवघड गेलं आणि ती बरेच दिवस इस्पितळात राहिली. घरी आली तेव्हा एव्हेर्टने सांगितलं, बेन्नोचा विचार बदललाय, त्याची बायको तयार नाही. मीनने दोनदा लिहिलं. उत्तर नाही. तिलाही राग आला. बायकोच्या पदराआड लपला, असं ती म्हणायची. नंतर नंतर म्हणायचंही सोडलं. काही वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की तो छातीच्या आजाराने गेला. त्या दिवशी तिने मुलींना डबे भरून दिले आणि न्हाणीघरात जाऊन बसली.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पासारच्या मोठ्या तंबूत तिकडून आलेल्या कारागिरांना जागा दिली होती. मीन केक पोचवून परतताना एका दुकानाशी थांबली. चाळिशीची एक बाई कापडाच्या घड्या घालत होती. सावळी, रुंद कपाळाची. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: विविक फ्लोर.

मीनने तिच्या मोडक्या स्वयंपाकघरी मलायमध्ये विचारलं, "सुराबाया? फ्लोर? रेल्वेतल्या बेन्नोची कोण?"

"मुलगी," बाई म्हणाली. मग तिने मीनकडे नीट पाहिलं. "तुम्ही मीन तांते."

तांते म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. मीनने तिचे हात धरले. बाईने ते काढून घेतले नाहीत, पण दाबलेही नाहीत. मीन भराभर बोलत सुटली. तुझ्या बापाने यायचं रद्द केलं, पुढे एक ओळ लिहिली नाही, मी किती वाट पाहिली, मला किती लागलं. शब्द अडले की डच घालत होती. विविकने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी रद्द केलं नाही, तांते," ती म्हणाली. "त्यांना डच वकिलातीत बोलावलं होतं. आम्ही सगळे गेलो होतो, नवे बूट घालून. तिथल्या साहेबाने सांगितलं, हेगमध्ये तुमच्या बहिणीच्या घरी चौकशी केली. तिचा नवरा म्हणतो, आमचे असे कुणी नातेवाईक नाहीत."

मीन म्हणाली, "असं कसं म्हणेल?"

"मला काय माहीत. मी दहा वर्षांची होते. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, चला, मला आता बहीण नाही."

एक गिऱ्हाईक आलं. विविकने हसून त्याला कापड उलगडून दाखवलं. मीन तिथेच उभी राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने घरी जेवायला बोलावलं, पत्ता मागितला. विविकने टेलिफोन नंबर सांगितला, पण जेवायला येणं जमणार नाही म्हणाली. "राग नाही, तांते. आई होती म्हणून आम्ही जगलो. तुमची आठवण काढायची सवयच राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी मीनने विविक भेटल्याचं सांगून एव्हेर्टला विचारलं. तो पावाला लोणी लावत होता. आधी म्हणाला, काय जुनं उकरून काढतेस. मग म्हणाला, कुणी आलं होतं खरं, सरकारी ऑफिसातली एक बाई, हातमोजे न काढता बसली होती. तिने सगळं घर पाहिलं, पलंगाखालीसुद्धा.

"आणि तू काय सांगितलंस?"

"मीन, दोन खोल्या होत्या आपल्या. त्याची पाच पोरं."

"ते नाही विचारलं मी."

त्याने सुरी खाली ठेवली. "शेजारी तेव्हा कुठे आपल्याशी बोलायला लागले होते. मला पोस्टात कायम करायचं चाललं होतं. तो बेन्नो, त्याची ती डोक्यावर पदर घेणारी बायको, ते लोक जिन्यात बसून हाताने जेवणार. सगळ्यांना कळलं असतं आपण कोण ते." मग म्हणाला, "तुझ्या पोरींसाठीच केलं."

मीनने त्याचा कप उचलला, धुतला आणि पालथा घातला. चहा अजून अर्धा होता.

तिला वाटलं होतं, निदान आता तो गप्प बसेल. पण त्या दुपारी एव्हेर्ट रंगमंचावर चढला तो नेहमीपेक्षा खुशीत. न्याहारीपासून दुपारपर्यंत त्याने त्या गोष्टीचं आपल्या परीने सोनं केलं असावं. दोन गाणी झाल्यावर म्हणाला, आज एक चमत्कार झालाय. तीस वर्षांनी आमच्या घरातलं हरवलेलं माणूस पासारने परत दिलं. माझ्या मेहुण्याची मुलगी, सुराबायाची! तंबूत टाळ्या पडल्या. संयोजकांनी विविकला दुकानावरून बोलावून आणलं होतं. तिला कशासाठी ते सांगितलेलंच नसावं. ती पायऱ्या चढली, एव्हेर्टने तिला सर्वांसमक्ष मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसले. विविक हसत होती. दुकानाची जागा संयोजकांच्या हातात होती. दुसरं काय करणार होती ती. तिचे दोन्ही हात मात्र सरळ खाली होते.

"आपण एका घरातली माणसं," एव्हेर्ट म्हणाला.

मीन उठून उभी राहिली. आयुष्यात ती चार माणसांत मोठ्याने बोलली नव्हती. "एव्हेर्ट," ती म्हणाली, "हातमोजेवाल्या बाईला काय सांगितलंस, ते यांना सांग."

मग मागून कुणीतरी खो खो हसलं. "बघा, बायकोने पकडलं! कोण रे ती बाई, एव्हेर्ट?" सगळा तंबू हसू लागला. एव्हेर्टनेही कानाला हात लावला, मान डोलावली, जणू काही जुनी चहाटळकी उघडी पडली होती. त्याने वादकांना खूण केली. गिटारी सुरू झाल्या. विविक पायऱ्या उतरून आपल्या दुकानाकडे निघून गेली. मीन उभीच होती. शेजारच्या बाईने तिचा हात ओढून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "काय गोड जोडी आहे तुमची."

मीनने घर सोडलं नाही. मुलींना सांगितलं, तर थोरली म्हणाली, बाबा तेव्हा घाबरले असतील. धाकटी म्हणाली, आता कशाला. पुढच्या जूनपासून मीन पासारला गेली नाही, केकही केला नाही. कुणी विचारलं की एव्हेर्ट सांगायचा, तिचे गुडघे गेलेत. गुडघे त्याचे गेले होते.

अशाच एका पासारच्या दिवशी, तो बाहेर असताना, तिने सुराबायाचा नंबर फिरवला. विविक नव्हती. पलीकडे एका म्हातारीचा आवाज आला, बेन्नोच्या बायकोचा. मीनने हे वाक्य कित्येक दिवस घोकलं होतं.

"मी बेन्नोची बहीण बोलतेय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बेन्नो घरी नाही," म्हातारी म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिला कमी ऐकू येत होतं, की ती भ्रमिष्ट झाली होती, की तिला नेमकं हेच म्हणायचं होतं, ते मीनला कळलं नाही. तिने पुन्हा फोन केला नाही. संध्याकाळी एव्हेर्ट गळ्यात कागदी फुलांची माळ घालून परत आला, साते आणि चिकट भाताच्या वळकट्यांचं पुडकं तिच्यापुढे टेबलावर ठेवलं, आणि सगळे तुझी चौकशी करत होते म्हणाला. तिने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तिने पुडकं सोडलं आणि खाल्लं.