पानमळ्याचं सोवळं

आमच्या पानमळ्यात शिरायचं तर वहाणा कुंपणाबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, आणि बाईमाणसाने महिन्याचे ते चार दिवस मळ्याकडे तोंडसुद्धा करायचं नाही. नागवेल सोवळ्याची, कावळा शिवलेल्या बाईची सावली पडली तरी जळते, असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, सांगत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "हे जिला जमायचं न्हाई तिनं म्हायेरची वाट धरावी." माझं माहेर म्हणजे मामाचं घर. तिथे आई भांडी घासून राहत होती, माझ्यासाठी ताट नव्हतं. जिभेला हाड नसलेली मी सासरी मुकाट्याने नांदायला शिकले ती त्यामुळे.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपळे गुरवच्या शिवारात, नदीच्या अंगाला आमचा मळा होता. शेवरी-शेवग्यावर चढवलेल्या वेलींच्या ओळी आणि आत भरदुपारीही गार सावली. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम निघालं आणि आमचे दोन्ही गडी रोजावर तिकडे गेले. उरलो घरचे चौघे: मामंजी, माझे मालक, मी आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई. त्याही चैत्रात पडल्या आणि पायाला फळ्या बांधून ओट्यावर बसून होत्या.

त्या दिवशी बापलेक पानांच्या करंड्या घेऊन पुण्याच्या बाजाराला गेले होते. मी परसात बाजूला बसले होते, दुसरा दिवस होता. दुपारी आत्याबाईंची हाक आली. शेजाऱ्यांनी नदीवर पाणी उपसायचं नवं इंजिन बसवलं होतं आणि त्यांच्या उसाचा पाट आमच्या बांधावरून जाई. तो फुटला होता आणि पाणी सरळ आमच्या मळ्यात घुसत होतं. इंजिनवरचा गडी लांब नदीवर, त्या धडधडीत त्याला हाक कुठली पोचायला. ऐन उन्हाळ्यात वेलीच्या बुडाशी पाणी तुंबलं की मुळं उकडून कुजतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

"जा," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, मी अशी..."

"तू कशी हायस ते दिसतंय मला. खोरं घे."

गेले. पाय धुऊन गेले, कशाला धुतले कोण जाणे. आत घोटाभर पाणी होतं. पाटाचं भगदाड माती-पाल्याने बुजवलं, मग खालच्या अंगाचा बांध फोडून तुंबलेलं पाणी ओढ्याला काढून दिलं. एकाही वेलीला पदर लागू नये म्हणून मी सारा वेळ अंग चोरत होते. देवळातही मी कधी इतकी भ्यायले नाही.

मामंजी परतल्यावर आत्याबाईंनी सांगितलं, पाट फुटला होता, शेजारच्या गड्याने बुजवला. मामंजींनी मान हलवली आणि विषय संपला. मी मात्र रोज सकाळी कुंपणाबाहेरून पानं न्याहाळत होते.

पंधरा दिवसांनी खालच्या अंगाची एक ओळ पिवळी पडली. मामंजींनी शेजारच्या गड्याला गाठलं, तर तो म्हणाला, मी तुमच्या मळ्यात पाऊलच ठेवलं नाही.

घरी येऊन त्यांनी ताटात बेल-भंडारा ठेवला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "उचल. मळ्यात गेली न्हवतीस म्हन." खंडोबाचा भंडारा खोटा उचलला तर कुंकवावर बेततं, हे लहानपणापासून ऐकलेलं. कुंकू समोरच बसलं होतं, जमिनीकडे बघत.

"गेले होते," मी म्हणाले. "तसलीच गेले होते."

"गाठोडं बांध."

मालक तरीही वर बघेनात. मामंजींपेक्षा मला त्यांचाच राग आला. मी आत जाऊन दोन लुगडी गुंडाळली आणि गाठोडं घेऊन बाहेर आले.

"तिला मी धाडली," आत्याबाई बोलल्या. आवाज चढवलाच नाही त्यांनी. "पानी साचलं म्हनून ओळ गेली. बाईनं वेल जळती व्हय? मग तीस वर्सं मळा उभा कसा? तुमी गड्यास्नी घेऊन बाजारला जात व्हता तवा वेलींना पानी कोन देत व्हतं? माझा कावळा काय तुमचा बाजार बघून शिवत व्हता?"

मामंजी त्यांच्याकडे वळले.

"किती येळा?"

"मोजलं न्हाई."

मामंजी उठले आणि बाहेर निघून गेले. मी गाठोडं छातीशी धरून तशीच उभी.

"ठेव ते," आत्याबाई म्हणाल्या. "भाकरी टाक, भूक लागलीया."

त्या घरात मी पहिल्यांदाच मोठ्याने रडले, आणि मला कुणी गप्प केलं नाही.