पंचावन्नावर अडलेली लेन्स

फोटो कसा आला आहे, हे दस्तगीरमामांनी मला कधीच सरळ सांगितलं नाही. फोटो समोर धरला की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे बारीक करून त्यात नाक खुपसायचे आणि विचारायचे, "ह्यो काढताना तू कुठं उभारली हुतीस?" उजेड, रंग, नवरीचं हसू, सगळं मागाहून. पुढे पुढे मी या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवायला लागले, पण तयार ठेवलेलं उत्तर त्यांना लगेच ओळखू यायचं.

माझं माहेर आष्ट्याचं. मामांचा स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणि घर स्टुडिओच्या पाठीमागे. ते माझ्या नात्यातले नव्हते, पण गल्लीतली निम्मी पोरं त्यांना मामाच म्हणायची. उंच, काटक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि वरच्या खिशात लेन्स पुसायचा मऊ कपडा. त्या कपड्याला मामीसुद्धा हात लावत नसत. लग्नात ते ओरडून जागा मागायचे नाहीत. व्हिडिओवाला आडवा आला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "गड्या, जरा खाली बस की. तुझ्या डोस्क्यावर बी अक्षता पडाय लागल्यात." तो हसत हसत बसायचा आणि तेवढ्यात मामांचं काम झालेलं असायचं. लग्नाआधी मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. कॅमेरा कसा धरायचा इथपासून रुसलेल्या आत्याला ग्रुप फोटोत कसं आणायचं इथपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच शिकले.

लग्नानंतर मी कोरेगावला गेले आणि तिथं छोटंसं दुकान टाकलं. पासपोर्ट साइझ फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. मला लग्नं करायची होती, पण बाई एकटी आली म्हटलं की समोरचा माझ्या पाठीमागे बघून विचारायचा, "फोटोग्राफर कुठं हायत?" तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी घरी येऊन रडले आणि मग जेवले. असेच दिवस चालले असताना मामांचा फोन आला. "शबानाचं लगीन ठरलंय. फोटो तू काढायचंस. मी कॅमेऱ्याला हात लावनार न्हाई." शबाना त्यांची एकुलती एक नात. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याची लग्नं टिपली, त्याच्या घरचं लग्न माझ्याकडे आलं होतं. ते नीट झालं तर वाळव्यात आणि सांगलीत माझं नाव झालं असतं. बिघडलं असतं तर जन्मभर लोकांना "हनुवटी जरा वर" एवढंच म्हणत बसावं लागलं असतं.

माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स होती, अठरा ते पंचावन्नची. लेन्सचा आकडा लहान तेवढी चौकट रुंद आणि मोठा तेवढं लांबचं जवळ दिसणार, एवढं साधं गणित. या लग्नासाठी चांगली लेन्स घ्यायची होती आणि एकच घेणं परवडणार होतं. सगळ्या कामाला चालेल अशी एक. मी सांगलीला गेले. दुकानदाराने अठरा ते दोनशेची लेन्स कॅमेऱ्याला लावून दिली आणि म्हणाला, "ताई, ही घेतली की दुसरी बघायलाच नको." मी दारात उभी राहून ती फिरवली आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी धाडकन समोर आली. पाटीखालचं बारीक अक्षरसुद्धा वाचता येत होतं. मी तिथल्या तिथे हरखले, पण घेण्याआधी आष्ट्याला जाऊन मामांना सांगितलं.

"छान," मामा म्हणाले. "आन् ती पाटी शबानाच्या लग्नात येनार हाय व्हय?"

मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. म्हटलं, "मामा, माझी लेन्स पंचावन्नाला अडते. पुढं जाताच येत नाही."

"अडती? बघू तरी किती अडती."

गेल्या वर्षभरात मला जी थोडीफार लग्नं मिळाली, त्यांचे फोटो त्यांनी संगणकावर उघडायला लावले. कोणता फोटो किती आकड्यावर काढला हे त्यात नोंदलेलं असतं. मामांनी दोन ताटल्या आणि डबाभर भाजलेले शेंगदाणे घेतले. मी आकडा वाचायचा, त्यांनी दाणा टाकायचा. पंचावन्नचा दाणा एका ताटलीत, बाकी सगळे दुसरीत. तासाभरात पंचावन्नच्या ताटलीत रास झाली आणि दुसरीचा तळ दिसत होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "बघा! प्रत्येक वेळी पार टोकापर्यंत जातेय. म्हणजे मला लांबचीच लेन्स पाहिजे."

आकड्यांवरून कोणीही हेच म्हटलं असतं. मामांनी मात्र पंचावन्नचे फोटो एकेक करून परत लावायला सांगितले आणि प्रत्येकाला त्यांचा तो प्रश्न विचारला. हा कुठून काढला? दारातून. हा? खांबाच्या आडून. हा? व्हिडिओवाल्याच्या मागून. मंगलाष्टकांचा? मांडवाच्या कडेला, चपलांपाशी. माझा आवाज उतरत गेला. नवऱ्याकडच्या पुरुषांची गर्दी, कोणी "बाजूला हो" म्हणेल ही धास्ती, आपण इथे उपऱ्या आहोत असं सारखं वाटणं, सगळं त्या फोटोंमध्ये दिसत होतं.

"लेन्स न्हाई अडली, वैशे," मामा म्हणाले. "तू अडलीयास. दोनशेची घेतलीस तर आनी मागं सरकशील. म्हाबळेश्वरात पाखरं काढायची असली तर खुशाल घे. पाखराजवळ जाता येत न्हाई. मानसाजवळ जाता येतं."

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मामा शांतपणे पंचावन्नची रास खात बसले.

मग त्यांनी ड्रॉवरमधून वायरमनची काळी चिकटपट्टी काढली, माझी लेन्स पस्तीसवर आणली आणि वर तीन वेढे मारून टाकले. "आठ दिस ह्येच्यावर काढ. झूम पायानं करायचा." मी माहेरीच मुक्काम टाकला. पहिल्या दिवशी आष्ट्याच्या बाजारात जे काढलं त्यात माणसं कमी आणि रस्ता जास्त होता. दुसऱ्या दिवशी बांगड्या भरणारी एक म्हातारी मला म्हणाली, "लांबनं काय टेहळणी करतीयास? हिकडं ये, बस, मग काढ." मी बसले. तिने आधी माझ्याच हातात बांगड्या भरल्या आणि मग मी तिचे फोटो काढले. आठव्या दिवसापर्यंत अनोळखी माणसाजवळ जाऊन "काढू का?" म्हणताना माझी जीभ अडखळायची थांबली होती.

शेवटी मी सतरा ते पन्नासची लेन्स घेतली. लांबचं काही ओढून आणणारी नाही, पण कमी उजेडात दगा न देणारी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच उजेड आत घेणारी. दुकानदाराला ती फारशी खपवायची नव्हती. तो म्हणाला, "ताई, यात झूम काहीच नाही." म्हटलं, "चालतंय. मला पाय आहेत." बाहेर मामा रसवंतीगृहात बसले होते. त्यांनी लेन्सकडे ओझरतं बघितलं आणि माझ्यासाठी रस सांगितला.

लग्नाच्या दिवशी खाली पुरुषांत निकाह झाला. ते फोटो मी काझीसाहेबांपासून दोन हातांवर बसून काढले आणि कोणी हूं की चूं केलं नाही. वरच्या मजल्यावर बायकांची खोली होती. मामा जिन्यापाशी थांबले, जादाची बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्येच्या म्होरं आमचं काय काम न्हाई." इतकी वर्षं मामा, त्यांचे भाऊ, इतर फोटोग्राफर, सगळे याच जिन्यापाशी थांबत आले होते.

वर एक ट्यूबलाइट, भिंतीला भिंत गाद्या आणि चाळीसेक बायका. मी सवयीने दारात उभी राहिले. मामींनी बघितलं. "दारात का उभारलीस गं? तू काय बाप्या हायस? आत ये." मी पायांतून वाट काढत गेले आणि शबानाच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसले. थोड्या वेळाने सगळ्या मला विसरल्या. मिरजेच्या एका मावशीने मामा-मामींच्या लग्नातली गोष्ट काढली. म्हणे, नवरदेव भर मांडवात उठले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "तसं न्हाई, जरा डावीकडनं घ्या." मामी हसल्या. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईतो, पदर सावरायचं भान सोडून. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

चार दिवसांनी मामा स्टुडिओत फोटो बघायला बसले. भराभर पुढे जात होते आणि त्या फोटोवर थांबले. चष्मा कपाळावर गेला नाही. मग म्हणाले, "म्या कॅमेरा धरला की ही पुतळ्यावानी बसती. ही अशी हसती व्हय?" आणि रुमालाऐवजी लेन्सच्या कपड्यानेच डोळे पुसले.

त्यांनी हाक मारून मामींना बोलावलं. मामी फोटो बघून भडकल्याच. "आवं, असलं त्वांड कुनी अल्बमात घालतं का? काडून टाका आदी."

"ह्योच पैल्या पानावर," मामा म्हणाले. मामी पुटपुटत आत गेल्या.

मामा जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांचं नाव निघालं की मला त्या दिवशी मामी आत गेल्यानंतरची पाच मिनिटं आठवतात. त्यांनी फोन उचलला आणि तासगावच्या एका घरी लावला. तिथल्या लग्नाच्या फोटोंचं काम त्यांनी स्वतः घेतलं होतं.

"आवं, लग्नाला म्या येत न्हाई. आमची वैशाली येतीया... न्हाई, न्हाई, मदतीला न्हाई. फोटोग्राफर हाय ती... व्हय, येकटीच." पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मामा छताकडे बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "फकस्त येक सांगून ठिवतो. ती फोटो काढाया लय जवळ येती. कुनी बिचकू नगा."