मंडईची सही

वरठीच्या एका शाळेत खिचडी शिजवणारी कुंताबाई माहेराबद्दल बोलायला लागली की डाळ करपलीच समजा, असं तिच्यासोबत काम करणारी पंचफुला म्हणायची. लग्नानंतर दोन वर्षांत नवऱ्याने टाकलेलं, पोरबाळ नाही, भाड्याची एक खोली. पण माहेराचा विषय निघाला की बाई ताठ व्हायची. "आमचा दादा," इथूनच सुरुवात.

तिचे वडील बाबुलाल शहाणे गृहस्थ. नाकाडोंगरीकडच्या गावात तलावाखाली त्यांची साडेतीन एकर धानाची बांधी होती. मरण्याआधी त्यांनी त्या जमिनीचा ट्रस्ट करून ठेवला. कुंताबाई जिवंत असेपर्यंत उत्पन्न तिचं, आणि जमीन सांभाळणारा ट्रस्टी थोरला मुलगा चंद्रकुमार. पोरीला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढाच हेतू. सांभाळणारा निवडताना मात्र बापाची माया आडवी आली.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की चंद्रकुमार बहिणीला घ्यायला यायचा. घरी वडे, नवी साडी, वहिनीच्या हातची ओटी. आणि ओटीच्या पाठोपाठ एक कागद. "सही कर कुंता, ट्रस्टचं हाये." ती करायची. सातवी शिकलेली होती, वाचता येत होतं. पण साडी देणाऱ्या भावासमोर कागद वाचत बसायचं म्हणजे त्याला भरल्या घरात चोर म्हणायचं. आपल्याकडे असं कोणती बहीण करते? अशा अकरा मंडया गेल्या. वर्षाला दोन पोती तांदूळ यायचे, तेही तिला भावाचे उपकारच वाटायचे.

गेल्या उन्हाळ्यात कुठल्याशा योजनेसाठी सातबारा लागला. तिने सेवा केंद्रातून काढला. मालकाच्या जागी नाव होतं सत्यभामा चंद्रकुमार. म्हणजे वहिनी. केंद्रातल्या माणसाने दोनदा विचारलं, "बरं नाई का बाई?" ती म्हणाली, "बरं हाये." आणि खरंच काही दुखत नव्हतं. रडू येईल म्हणून ती रस्त्याकडेला बसून राहिली. आलं नाही. दुसऱ्या दिवशी खिचडीत मीठ घालायला विसरली, एवढंच.

भंडाऱ्याच्या वकील उर्वशी मॅडमनी सगळे कागद पाहिले. "ट्रस्टी म्हणजे मालक नव्हे. ही जमीन त्याला बायकोच्या नावावर करताच येत नाही. त्याला काढून टाका, असं कोर्टात मागायचा तुम्हाला हक्क आहे."

"पण मी तं सह्या केल्या ना."

"न कळता केल्या. ते सांगता येईल. आता तुम्हाला सगळं माहीत आहे. यापुढे संमतीची एक सही केलीत, तर जमीन गेली म्हणून समजा."

मंडई आली, चंद्रकुमारही घ्यायला आला. ती का गेली, तिचं तिलाच ठाऊक नाही. पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात वहिनीने ओटी भरली, आणि कागद पुढे आला. या वेळी कुंताबाईने चष्मा लावला. बांधी सत्यभामाच्या नावे झाली हे मला पूर्ण माहीत असून मान्य आहे, असं लिहिलं होतं. म्हणजे दादाही वकिलाकडे जाऊन आला होता.

"वाचून काहून राहिली?" चंद्रकुमार चारचौघांत हसला. "भावावर भरोसा नाई का?"

पूर्वी हे ऐकून ती शरमेने मेली असती. आता तिने आत चाचपून पाहिलं. लाज नव्हती, रागही नव्हता. "मी सही नाई करत," ती म्हणाली.

"मंग पुढच्या मंडईले येऊ नको."

"बरं."

ती निघाली. बस येईपर्यंत तिने मंडईतल्या दुकानावर उभ्याने दोन आलुबोंडे खाल्ले. अशा वेळी भूक लागते, याचंच तिला नवल वाटलं.

सोमवारी ती भंडाऱ्याला गेली. उर्वशी मॅडमचे कारकून, भय्याजी, अर्ज भरत होते. "ज्याच्याविरुद्ध अर्ज हाये, तो तुमचा कोण?"

"ट्रस्टी."

"ते लिहिलं बाई. नातं विचारून राहिलो."



"तेवढंच लिहा," ती म्हणाली. "दुसरं नातं होतं, आता नाई."