दीड तासाचं माहेर

मुंबई आमच्या गावाच्या मावळतीले आहे, अन् मी मुंबईले जायले उगवतीकडं निघालो. तवाच समजायले पायजे होतं. पण एवढी समज असती तं मी सातवीत दोनदा काहून बसलो असतो?

अकोट रोडवर आमची फुलांची वाडी आहे. झेंडू, शेवंती, मधातल्या सऱ्यांत वांगे. पाणी आहे, घर आहे, माय आहे, फक्त बायको नाही. वय छत्तीस. बायोडाट्यावर चौतीस, कारण तो छापला तवा चौतीसच होतं, अन् छापलेल्या प्रती काही संपून नाही राहिल्या. शेतावरच्या पोट्ट्याले (पोराले) पोरगी कोणी देत नाही. "मुलगा काय करतो?" असं फोनवर विचारतात. "फुलं" म्हटलं की तिकून आवाजच येणं बंद.

अशात नामदेवमामानं, म्हणजे माह्या मायच्या भावानं, कल्याणचं स्थळ आणलं. पोरीचं नाव वर्षा. बाप मूळचा वऱ्हाडातलाच, तरुणपणी कामाले गेला तो तिकडंच राहिला. ही एकुलती एक. तिच्या मायच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात नेऊन रक्त साफ करून आणावं लागते. वर्षा माह्यासंगं फोनवर बोलली. मंग पुन्हा बोलली. शेतीले तिची ना नव्हती. शेवंतीले पाणी किती लागते, हेही तिनं विचारलं. फोन ठेवला की मी सरीत उभा राहून एकटाच हासत होतो. माय म्हणे, "काय झालं बे, ऊन लागलं काय?"

वर्षाची अट एकच होती. "आईला अचानक काही झालं तर मला इथं किती वेळात पोचता येईल, तेवढं खरं सांगा."

खरं सांगाचं तं अकोल्याहून रात्री गाडीत बसलं की सकाळी कल्याण, तेही डब्यात पाय ठेवायले जागा भेटली तं. पण माही जीभ माह्या बापाचंही ऐकत नव्हती. म्हटलं, "अवो, दीड तास! अमरावतीहून विमान सुरू झालं ना आता."

"खरंच?"

"मंग काय! इकडं बसलं, तिकडं उतरलं."

विमान मी तवर फक्त वाडीतून पाहिलं होतं, मान वर करून, टोपी पडेपर्यंत.

तिचे वडील हुशार. त्यांनी फोन घेतला. "मग पाहुणे, असं करा. येत्या रविवारी त्याच विमानानं या. संध्याकाळचा चहा आमच्याकडं. आम्हालाही वेळ पाहता येईल."

मामाले सांगतलं तं मामा कपाळाले हात लावून बसले. "भास्कऱ्या, तू पागल झाला काय बे? जनरलचं तिकीट काढ, शेंगदाणे घे, चाल माह्यासंगं."

"मामा, त्यायले वेळ पाहाचा आहे."

"मंग दाखव तू. मी शनवारच्या गाडीनं जातो. मले काई दीड तासात पोचून देश चालवाचा नाही."

मोबाईलच्या दुकानातून मी विमानाचं तिकीट काढलं. तेवढ्या पैशात आमचं घर, शेजारच्यायसकट, जनरलनं मुंबईले जाऊन, वडापाव खाऊन परत आलं असतं. दसऱ्याचा झेंडू अजून शेतातच उभा होता, अन् मी तो तोडायच्या आधीच हवेत उडवला.

रविवारी सकाळी न्हाऊन, पांढरा शर्ट घालून निघालो. गावातून काळीपिवळी जीपनं अकोला. मुंबईच्या गाड्या जिथून सुटतात त्या स्टेशनच्या समोरून मी मान ताठ करून गेलो अन् बसस्टँडवर अमरावतीची एसटी पकडली.

कंडक्टर म्हणे, "कुठं जाता?"

"मुंबई."

"मंग उलट्या गाडीत बसले ना, भाऊ. उतरा."

"अमरावतीहून विमान आहे माह्यं."

आख्खी एसटी माह्याकडं पाहायले लागली. मागच्या सीटवर एक बुढी (म्हातारी) मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. ती म्हणे, "विमानात बसणारा मानूस मोठ्या गाडीनं येते वं माय. यानं आपल्या एसटीत जागा काहून अडवली?" सगळे हासले. मीबी हासलो. अजून हासायची ऐपत होती.

मूर्तिजापूर गेलं. दोन्हीकडं काळी जमीन, त्यात तुरीची अन् कपाशीची हिरवी रांग. एका ठिकाणी बस रुळाच्या बाजूनं चालली होती, अन् मुंबईकडं जाणारी गाडी आमच्या उलट्या अंगानं धडधडत गेली. मी तिच्याकडं पाहून मनात म्हटलं, जा बाई तू, रातच्याले पोच. मी सांजच्याले चहा पिऊन राहीन.

अमरावतीच्या अलीकडं बडनेऱ्याले उतरलो. विमानतळ तिथून पुढं, शेताशेतातून. ऑटोवाल्यानं दुप्पट भाडं सांगतलं. "काहून बा?" तं म्हणे, "तिकून येताना कोणीच भेटत नाही, भाऊ. जाणारे एवढेसे, येणारे त्याहून कमी." ते ऐकूनही मले काही समजलं नाही.

विमानतळ मात्र असं की चप्पल काढून आत जावं. फरशीत माह्यं तोंड दिसत होतं, ते मी पाहिलं नाही. तपासणीत माही पिशवी त्या मशीनमधून गेली अन् तिथल्या बाईनं बाजूले काढली. आत मायनं वर्षाची ओटी भराले दिलेला खोबऱ्याचा गोटा (अख्खं सुकं खोबरं) होता.

"हे नेता येणार नाही."

"काहून मॅडम? आमी तं देवाजवळ ठेवतो."

"पेट घेतं. इथं टाका, नाहीतर बाहेर कोणाला देऊन या."

ओटीचं खोबरं कचऱ्याच्या डब्यात कसं टाकाचं? बाहेर द्यायले तं ऑटोवालाही निघून गेला होता. मी बाजूले उभा राहिलो अन् गोटा खायले लागलो. आख्खा खाल्ला. लग्नाआधी स्वतःच्या बायकोची ओटी खाणारा वऱ्हाडात मीच असीन. दाढ हालली, घसा लाकडासारखा झाला, अन् नेमका वर्षाचा फोन आला.

"निघालं का विमान?"

"निघून... खक्... निघूनच राहिलं."

"पाणी प्या आधी," ती म्हणे. "सावकाश या."

कोणीतरी आपल्याले पाणी पी म्हणते, एवढ्यानंच मी खुर्चीत विरघळलो.

विमान आलंच नाही. ते मुंबईहून येणार होतं, मंग आमाले घेऊन परत जाणार होतं, अन् मुंबईवर पाऊस धरलेला. आधी म्हणे उशीर आहे. मंग म्हणे आणखीन उशीर आहे. मंग एक पोरगी आली अन् अशा गोड आवाजात बोलली की मले वाटलं आलं विमान. बाजूचा सूटवाला उठून बॅग उचलायले लागला तवा विचारलं.

"काय म्हणे ती?"

"रद्द झालं. पैसे परत मिळतील, काळजी करू नका."

"मंग आता उद्याच्यानं जायचं काय?"

"उद्या नाहीये, दादा. हे रोज नसतं."

त्याच्यासाठी ही गोष्ट तिथंच संपली. त्यानं फोनवर कोणाले तरी मीटिंग पुढं ढकल म्हणून सांगतलं. मी खुर्चीतच बसून राहिलो. म्हणजे वर्षाच्या मायले बिमार पडायच्या आधी वार पाहावा लागीन. ढगही पाहावे लागतीन. मीटिंग पुढं ढकलता येते.

मामाचा फोन आला. ते सकाळीच कल्याणले पोचले होते.

"कुठं आहेस बे?"

"विमानतळावर."

"इकडच्या का तिकडच्या?"

"इकडच्या."

मामानं तिकडं दार लोटून घेतलं. मंग हळूच म्हणे, "इथं चहा दोनदा झाला. तुह्या वाटचा शिरा मी खाल्ला. काय सांगू यायले?"

"ढग आहे म्हणा."

"लेका, ढग यायच्या खिडकीतूनबी दिसून राहिले. यायले ढग नाही, तू पाहाचा आहे."

पुन्हा ऑटो, पुन्हा दुप्पट. बडनेऱ्याले दिवे लागले होते. जनरलचं तिकीट काढलं. विमानतळावर जेवढ्याचा चहा पेलो होतो, त्यात आणखीन थोडे टाकले की मुंबई. डब्यात शिरलो म्हणण्यापेक्षा मले शिरवलं. संडासाच्या दाराजवळ एका पायावर उभं राहाले जागा भेटली, दुसरा पाय कोणाच्या तरी बोचक्यावर.

वर्षाले फोन करून खरं सांगतलं. ती फक्त म्हणे, "बरं. जपून या."

तास-दीड तासात गाडी थांबली. दारातून पाहिलं तं अकोला! सकाळी ज्या स्टेशनसमोरून मान ताठ करून गेलो होतो, तेच. दिवसभर पैसा अन् दाढ खर्च करून मी जिथून निघालो तिथंच आलो होतो. फलाटावर आमच्या फुलबाजारातला हमाल फुलांचे करंडे चढवून राहिला होता. त्यानं मले पाहिलं.

"अरे भास्करभाऊ! उतरा ना, अकोला आलं!"

"नाई रे. मुंबईले जाऊन राहिलो."

"मंग तिकून काहून आले?"

गाडी हालली म्हणून वाचलो.

सकाळी कल्याणले उतरलो तवा पांढरा शर्ट पांढरा नव्हता. वर्षानं दार उघडलं. फोटोपेक्षा बारीक होती, डोळ्याखाली जागरण. पाणी दिलं, टॉवेल दिला, गरम चहा दिला. मामा कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसले होते, जसं काही विमान त्यायनंच बिघडवलं. मी हासवायचं म्हणून म्हटलं, "पायलटले म्हटलं बा, तू राहू दे, मी गाडीनं जातो." वर्षाच्या वडिलांनी मान हालवली. कोणी हासलं नाही.

मंग वर्षा समोर बसली. "विमान मुंबईत उतरलं असतं, तर तिथून कल्याणला यायला किती वेळ लागतो, माहीत आहे?"

"कल्याण मुंबईतच तं आहे ना?"

"दोन तास. ट्रॅफिक असलं तर तीन. आणि तुमच्या गावाहून अमरावती?"

मी मनात बेरीज केली. माह्या दीड तासात एक एसटी, एक काळीपिवळी, एक ऑटो अन् आख्खी मुंबई मी धरलीच नव्हती.

"मी रागावले नाही," ती म्हणे. "काल दिवसभर मी तुमच्या जागी स्वतःला बसवून बघत होते. काल सकाळी मला तिकडं फोन आला असता की आई सिरियस आहे, आणि मी तुमच्याबरोबर निघाले असते, तर आत्ता पोचले असते. मामा गाडीनं आले. त्यांनाही आख्खी रात्र लागली."

"रेल्वे पोचवते तरी, बाई," मामा म्हणे.

"पोचवते, मामा. केव्हा, ते मला बघायचं आहे."

आतल्या खोलीतून तिच्या मायनं मले हाक मारली. मी आत गेलो. हात एवढासा, त्यावर सुयांचे काळे डाग. तिनं मले जवळ बसवलं अन् हळू आवाजात, पोरीले ऐकू जाणार नाही असं म्हणे, "बाबा, माझ्यापायी ही चार ठिकाणी नाही म्हणाली. तुझ्याशी बोलताना हसायची रे. तू सांग तिला, गाडी करीन, ड्रायव्हर ठेवीन, चार तासांत आणून सोडीन. खोटं असलं तरी चालेल. मी काय, किती दिवसांची?"

मले आजवर सगळ्यायनं खोटं बोलू नको म्हणून मारलं. मायनं, बापानं, गुरुजीनं. बोल म्हणणारी ही पयली. अन् मले बोलता नाही आलं. बाहेर आलो, वर्षा उभी होती. दार पातळ होतं, तिनं ऐकलं असावं. मी म्हटलं, "एक दिवस लागते. कधी जास्त."

तिनं मान हालवली. "थँक्यू," म्हणे.

परतीच्या गाडीत मामाले खिडकी भेटली, मले मामाच्या पायाजवळची जागा. कसाऱ्याचे डोंगर हिरवेगार होते, धबधबे होते, लोकं फोटो काढून राहिले होते. मी हिशोब करत होतो. ज्याच्याजवळ वेळ आहे त्याले गाडी आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे, अन् विमान नाही आलं तरी ज्याचं काही मरत नाही, त्याले विमान आहे. आमच्याजवळ कधी हे थोडं, कधी ते थोडं, अन् ते नेमकं नको त्या दिवशी. पैसे आले परत विमानाचे. त्यायनं सांगतल्यापेक्षा लवकर आले. तेवढं एकच वेळेवर पोचलं.

घरी आलो तं माय ओट्यावर झेंडूच्या माळा ओवून राहिली होती. मामा सरळ आत जाऊन निजले.

"काय म्हणे पोरगी?"

"लांब पडते म्हणे."

"कोनाले?"

"तिच्या मायले."

मले वाटलं आता माय चिडीन, मुंबईच्या पोरीयले नखरे फार म्हणीन. आजवर सगळ्या नकारायले ती असंच म्हणत आली. पण तिनं सुई फुलात तशीच ठेवली. म्हणे, "माही माय गेली तवा माहेराहून, तिवश्याहून, निरोप आला सकाळी. तुह्ये बाबा वाडीत होते. मंग बस नव्हती. मंग होती ते भरून गेली. मी पोचली तवा तिले नेऊन घरात सडा टाकून झाला होता, बापा."

"मंग आता काय करू वं?"

"काय करतं. मी तिच्या जागी असती तं मीबी नाहीच म्हटलं असतं."

तिनं माळ पुन्हा हातात घेतली. मी तिच्या बाजूले बसलो, अन् टोपल्यातले फुलं एकेक करून तिच्या हातात देत राहिलो.